मुलांना स्वतःची चाल बांधायला शिकवताना: सुरुवात पाच काळ्या पट्ट्यांपासून

दोन-तीन वर्षं गाण्याच्या क्लासला जाणाऱ्या मुलाला भूप रागाची बंदिश येते, सरावाचे अलंकार पाठ असतात, तीनतालाची टाळी-खाली चुकत नाही. त्याच मुलाला म्हणावं, "आता तुझी स्वतःची एखादी चाल म्हण बघू," की तो आईकडे बघायला लागतो. त्याला गाता येत नाही असं मुळीच नाही. आजवर कोणी त्याला हे विचारलेलंच नसतं. ठाणे, ऐरोली, वाशी, नेरूळ, कुठल्याही क्लासात डोकावा, वर्ष जातं ते प्रारंभिक आणि प्रवेशिका या संगीताच्या सुरुवातीच्या परीक्षांची तयारी करण्यात. त्या परीक्षांनी महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत शास्त्रीय संगीत पोहोचवलं, त्यांची किंमत मी कमी लेखत नाही. पण त्यांत मुलाला दुसऱ्याने बांधलेलं गायचं असतं. स्वतः बांधण्याची सवय वेगळी लावावी लागते, आणि ती घरीसुद्धा लावता येते.

मी ठाण्यात मुलांना हार्मोनियम आणि गाणं शिकवते. इतक्या मुलांबरोबर हे करून माझं एक मत पक्कं झालं आहे: चाल सुचायला मुलाला जास्त स्वर द्यायचे नसतात, कमी द्यायचे असतात, आणि शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाने चुका न काढता प्रश्न विचारायचे असतात. खाली लिहिलेलं सगळं या दोन गोष्टींवर उभं आहे. साधारण सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ते आहे. आई-बाबांना गाता येत नसलं तरी अडत नाही.

घरात काय लागेल

हार्मोनियम असेल तर उत्तम. नसेल तर छोटा कॅसिओ चालेल, तोही नसेल तर फोनवरचं पियानोचं अ‍ॅप. तानपुऱ्याचं अ‍ॅप मात्र हवंच. फोनमधला साधा रेकॉर्डर, एक चौकटीची वही आणि पेन्सिल. ताल धरायला टाळ-झांजा असतील तर बघा, नाहीतर स्टीलची वाटी आणि चमचा.

आठवड्यातून एकदा, चाळीस मिनिटं. याहून जास्त वेळ बसवू नका. वेळ मात्र ठरलेली असू द्या, शाळेचा अभ्यास आणि शेजाऱ्यांची दुपारची झोप सांभाळून. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये भिंतीपलीकडे सगळं ऐकू जातं आणि कोणी ऐकतंय या जाणिवेनेच काही मुलं गप्प होतात. अशा मुलासाठी दार-खिडकी लावून घ्या, पंखा चालू ठेवा. भीड चेपायला दोन-तीन आठवडे लागतात, मग ते आपणहून खिडकी उघडतं.

पहिली पायरी: कान

पहिल्या आठवड्यात वाद्याला हात लावायचा नाही. मुलाला घेऊन पंधरा मिनिटं गॅलरीत उभं राहायचं किंवा ठाण्यातल्या तलावपाळीला एक फेरी मारायची आणि ऐकू येणारे आवाज वहीत लिहायचे. कॅनडाचे संगीतकार आर. मरी शेफर (१९३३ ते २०२१) यांनी १९६० च्या दशकात विद्यार्थ्यांना आधी भोवतालचे आवाज ऐकायला बसवण्याची पद्धत रुजवली. त्यांचं म्हणणं आजही लागू आहे: ज्याने नीट ऐकलेलं नाही, त्याच्याकडे जोडायला काही नसतं.

यादी झाली की ती लावून घ्या. लांब आवाज कुठले, तुटक कुठले? चढत जाणारा कुठला? पुन्हा पुन्हा येणारा कुठला? कुकरची शिट्टी चढत जाते आणि एकदम सुटते. रिक्षा सिग्नलला उभी असताना एका लयीत धडधडते. लिफ्टचं दार उघडं राहिलं की तीच सूचना तशीच्या तशी परत वाजते.

यातला एक आवाज अगदी जवळून ऐकण्यासारखा आहे, तो म्हणजे सकाळच्या भाजीवाल्याची हाळी. आमच्या गल्लीत येणारा पहिले दोन शब्द एकाच स्वरावर भराभर टाकतो, तिसऱ्या शब्दाला एक पायरी वर चढतो, तिथे आवाज लांबवतो आणि शेवटचं अक्षर तोडून टाकतो. मग चार पावलं शांतता. मग पुन्हा तेच. मुलाला विचारा, तो शेवटी आवाज का लांबवतो? उत्तर मूल स्वतः शोधून काढतं: चौथ्या मजल्यावर पोहोचायला हवा म्हणून. मधे का थांबतो? कोणी हाक मारली तर ऐकू यावी म्हणून. दोन-तीन स्वर, एक उंच जागा, एक ठहराव, आणि तेच परत. चाल म्हणजे काय हे मला यापेक्षा सोप्या रीतीने सांगता आलेलं नाही. ती हाळी मुलाला तशीच्या तशी म्हणायला लावा. मग सांगा, आता तू काहीतरी विकतोस. काय विकतोस? हाळी बनव. बहुतेक मुलांची पहिली रचना इथेच होते. ती रेकॉर्ड करा, कारण पुढच्या आठवड्यात ती कोणालाच आठवत नाही.

दुसरी पायरी: लय, स्टेशनांच्या नावांतून

ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या लोकलची स्टेशनं इथल्या मुलांना तोंडपाठ असतात. ती टाळ्या वाजवत म्हणायची. लांब अक्षराला दोन मात्रा, आखूड अक्षराला एक, आणि बोलताना पाय मोडला जातो (म्हणजे ज्यातला 'अ' ऐकू येत नाही) ते अक्षर आधीच्यात मिळवायचं.

'ठाणे' म्हणजे चार मात्रा. 'तुर्भे' म्हणजेही चार. दोन्ही जोडून म्हटली की आठ झाल्या, म्हणजे केरवा या आठ मात्रांच्या तालाचं एक आवर्तन, एक पूर्ण फेरा: धा गे ना ती, न क धी ना. 'कोपरखैरणे' आपण बोलतो तसं तोडा: को, पर, खैर, णे. प्रत्येक तुकडा दोन मात्रांचा, पुन्हा आठ. 'ऐरोली' सहा मात्रांची, 'घणसोली'ही सहा: घण, सो, ली. ही दोन्ही नावं दादरा या सहा मात्रांच्या तालात बसतात: धा धी ना, धा ती ना. 'रबाळे' गमतीचं आहे. एक, दोन, दोन, म्हणजे पाच मात्रा. ते ना केरव्यात बसतं ना दादऱ्यात. मुलाला विचारा, आता काय करूया? कोणी शेवटचा 'ळे' एक मात्रा लांबवतं. कोणी नाव म्हणून झाल्यावर एक मात्रा गप्प बसतं. कोणी 'रबाळे रबाळे' असं दोनदा म्हणून दहा मात्रा करतं, आणि ते मूल तबला शिकत असेल तर झपतालही आपल्या दहा मात्रांचाच असतो हे लगेच ओळखतं. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. शब्द तालात बसवताना तो लांबवायचा, की विश्रांती घ्यायची, की तालच दुसरा घ्यायचा, हा निर्णय चाल बांधणाऱ्याला रोज घ्यावा लागतो. मुलाने तो इथे पहिल्यांदा घेतला.

दोन आठवडे यातच काढा. एकाने वाटीवर केरवा धरायचा, दुसऱ्याने त्यावर नावं म्हणायची, मग अदलाबदल. नावं संपली की आजीच्या गावाची, मित्रांची, भाज्यांची घ्या. स्वरांकडे जायची घाई करू नका. ज्या मुलाची लय पक्की झाली त्याला पुढे स्वर सुचताना अडखळायला होत नाही, असं मी सातत्याने पाहिलं आहे.

तिसरी पायरी: पाच काळ्या पट्ट्या

हार्मोनियम असो वा कॅसिओ, प्रत्येक सप्तकात (एका 'सा'पासून पुढच्या 'सा'पर्यंत) पाच काळ्या पट्ट्या असतात: काळी एक, दोन, मग थोडं अंतर, मग तीन, चार, पाच. मुलाला सांगायचं, आज पांढऱ्या पट्ट्या नाहीतच. फक्त काळ्या. तानपुरा काळी तीनवर लावा आणि काळी तीनला 'सा' म्हणा. मग काळी चार 'रे' होते, काळी पाच 'ग', पुढच्या सप्तकातली काळी एक 'प' आणि काळी दोन 'ध'. सा रे ग प ध. म्हणजे भूप. मुलाने डोळे मिटून कुठलीही काळी पट्टी दाबली तरी कानाला खुपणारं काही निघत नाही. "चुकलं तर?" ही धास्ती तिथेच संपते.

जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ (१८९५ ते १९८२) यांनी लहान मुलांसाठी जी वाद्यं घडवून घेतली, त्यांच्या पट्ट्या सुट्या काढता येतात. नको असलेले स्वर शिक्षक काढून ठेवतो आणि मुलासमोर पाचच उरतात. आपल्या पेटीवर हीच सोय काळ्या-पांढऱ्या रंगांनी आयती करून ठेवली आहे.

गळ्याचं काय? काळी तीनचा खालचा सा पुष्कळ मुलांना खर्जात जातो आणि वरचा झेपत नाही. वाजवायला ही पट्टी सोयीची, गायला मात्र मुलाचा सा शोधावा लागतो. या वयात तो बहुधा काळी चार-पाचच्या आसपास सापडतो. कॅसिओवर ट्रान्सपोझचं बटण असतं, ते चार घरं वर नेलं की बोटं काळी तीनवर आणि आवाज काळी पाचचा. स्केल चेंजर पेटी असेल तर पट्टी सरकवा. साध्या पेटीवर मुलाने काळ्या पट्ट्यांवर चाल शोधावी आणि सापडल्यावर तुम्ही ती त्याच्या सुरात वाजवून द्यावी.

आता खेळ. तुम्ही आठ मात्रांचा प्रश्न गायचा, मुलाने आठ मात्रांचं उत्तर द्यायचं. अट एकच: प्रश्न 'सा'वर संपायचा नाही, उत्तर 'सा'वर संपलंच पाहिजे. उदाहरणार्थ ('–' म्हणजे आधीचा स्वर एक मात्रा लांबवायचा, '|' म्हणजे चार मात्रा झाल्या),

प्रश्न: सा रे ग प | ग – रे –

उत्तर: ग रे सा रे | सा – – –

पहिल्या दिवशी मुलं तुमचाच प्रश्न फिरवून परत देतात. देऊ द्या. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी उत्तराचा आरंभ बदलतो, मग मधलं काही बदलतं. पाचव्या-सहाव्या उत्तराला मूल तुमच्याकडे न बघता पेटीकडे बघायला लागतं, तेव्हा समजायचं की आता त्याचं सुरू झालं. मग अदलाबदल करा. मूल प्रश्न विचारेल, तुम्ही उत्तर द्या, आणि एखादं उत्तर मुद्दाम 'रे'वर सोडून द्या. लय सांभाळणारं जवळजवळ प्रत्येक मूल ओरडतं, "संपलं नाही!" 'सा'वर घरी आल्यासारखं वाटतं आणि 'रे'वर दारातच उभं राहिल्यासारखं, हे त्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही. आपल्या शास्त्रात असं एखाद्या स्वरावर येऊन थांबण्याला न्यास म्हणतात. नाव नंतर सांगा.

चौथी पायरी: एक ओळ वाढवायची

एक ओळ सगळ्यांना सुचते. तिचं गाणं कसं करायचं तिथे मुलं अडतात, कारण त्यांना वाटतं की दुसरी ओळ संपूर्ण नवी हवी. ती नवी नसते. मुलाची एक ओळ घ्या, समजा ती अशी आहे:

ग ग रे सा | रे – सा –

आता मुलाला एकेक हुकूम द्या. तीच ओळ म्हण, पण शेवट 'प'वर कर. तीच ओळ एका स्वराने वरून सुरू कर. उलटी म्हण. पहिला अर्धा भाग दोनदा म्हण, दुसरा सोडून दे. पहिला स्वर चार मात्रा ताणून धर. क्लासात पाठ केलेले अलंकार इथे कामाला येतात, कारण अलंकार म्हणजे एकच आकृती एकेक पायरी वर सरकवणं. सा रे ग, रे ग प, ग प ध असं रोज घोटणाऱ्या मुलाला आपण हे कशासाठी घोटतो ते त्या दिवशी कळतं.

साधा ठोकळा असा: पहिली ओळ, तीच परत, मग तिसरी वेगळी आणि उंच, मग पहिली पुन्हा. मुखडा आणि अंतरा हे याचंच मोठं रूप. अंतऱ्यात आवाज वरच्या सप्तकाकडे जातो आणि मुखड्याकडे परत येतो, हे मुलाला त्याला येणाऱ्या कुठल्याही बंदिशीत दाखवून द्या. चार ओळी जुळल्या की थांबा. पहिलं गाणं एका मिनिटाचं असावं.

पाचवी पायरी: शब्द

शब्दांना चाल लावणं हे आपल्या मराठी घरांतलं जुनं काम. जात्यावरच्या ओव्या, भोंडल्याची गाणी, वारीतले अभंग, सगळीकडे शब्दांचा साचा ठरलेला असतो आणि चाल त्यात बसते. मुलाला मोकळं "कविता लिही" म्हटलं की ते अडतं. साचा दिला की लिहितं. मोठ्या अभंगाचा साचा सुंदर आहे: पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळवायचं. अक्षरं मोजायची, मात्रा नाहीत, म्हणून तिसरीतल्या मुलालाही जमतं.

विषय घराजवळचा घ्या. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो येतात. आपण त्यांना रोहित किंवा अग्निपंख म्हणतो. त्यांचं खाडीतलं अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, आणि ऐरोलीला जाऊन मुलांना हे पक्षी दाखवता येतात. तिथून आल्यावर लिहायला बसलो तर असं काही निघतं:

खाडीच्या पाण्यात
गुलाबी सकाळ
शोधती शेवाळ
अग्निपंख

सहा, सहा, सहा, चार. आता हे आधी गायचं नाही. आठ मात्रांच्या ठेक्यावर नुसतं बोलायचं. सहा अक्षरं आठ मात्रांत बसवायची म्हणजे दोन अक्षरं लांबणार. कुठली? जी बोलताना आपसूक लांबतात ती. 'गुलाबी'तला 'गु' ताणला तर शब्द वाकडा होतो, 'ला' ताणला तर सरळ राहतो. मुलाला दोन्ही म्हणून दाखवा, त्याचा कान निवाडा करतो. मग स्वर. खाली मी भूपात एक नमुना देते, फक्त ओळी कशा वागतात ते दिसावं म्हणून ('सां' म्हणजे वरच्या सप्तकातला सा):

खा – डी च्या | पा – ण्या त
सा – रे ग | प – ग रे

गु ला – बी | स का – ळ
ग प – ध | सां ध – प

शो – ध ती | शे – वा ळ
ध – प ग | प – ग रे

अ – ग्नि – | पं – – ख
ग – रे – | सा – – –

पहिली ओळ 'रे'वर उघडी राहते, दुसरी वर चढून 'प'वर थांबते, तिसरी खाली उतरायला लागते आणि चार अक्षरांचा शेवटचा चरण 'सा'वर येतो. सर्वांत उंच स्वर 'सकाळ'वर आहे. तो 'शेवाळ'वर नेला तर कसं वाटेल? नेऊन बघा. या नमुन्याची तालीम मात्र करून घेऊ नका. मुलाने स्वतःचे चार चरण लिहावेत आणि त्यांना स्वतःचे स्वर द्यावेत. एक सहावीतली मुलगी पारसिकच्या रेल्वे बोगद्यावर लिहिताना शेवटचा चरण मुद्दाम एकाच स्वरावर ठेवून हळू करत गेली, "आत गेलं की काहीच दिसत नाही ना, म्हणून." असं कारण तिला मी सांगू शकले नसते.

अभंगाचं आणखी एक देणं आहे, ते म्हणजे नाममुद्रा. तुकोबा शेवटी 'तुका म्हणे' म्हणतात. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६० ते १९३६) आपल्या रचनांत 'चतुर' हे नाव गुंफत. मुलालाही स्वतःसाठी एक मुद्रा निवडू द्या आणि दुसऱ्या कडव्याच्या शेवटी ती घालायला सांगा. मुद्रा घातलेलं गाणं मुलं विसरत नाहीत, आणि ते दुसऱ्या कोणी चुकीचं म्हटलं तर त्यांना चालत नाही. ही मालकीची भावना मला फार मोलाची वाटते.

सहावी पायरी: लिहून ठेवणं

आधी रेकॉर्डिंग, मग कागद. सुचलेलं पहिल्यांदा म्हणताना मूल जे गातं ते पुन्हा तसं येत नाही, म्हणून फोन चालू असलेला बरा. फाइलला मुलाचं नाव, गाण्याचं नाव आणि तारीख द्या.

कागदावर लहान मुलांनी आधी स्वतःची चित्रलिपी करावी: वर जाणारी रेघ, लांब स्वराला लांब डबा, विश्रांतीला रिकामं घर. चौकटीची वही इथे उपयोगी पडते, एक चौकोन म्हणजे एक मात्रा. आठ-नऊ वर्षांपुढच्यांना भातखंडे पद्धतीच्या खुणा शिकवा: कोमल (अर्धी पायरी उतरलेल्या) स्वराखाली आडवी रेघ, तीव्र (अर्धी पायरी चढलेल्या) मध्यमावर, म्हणजे 'म'वर, उभी रेघ, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाला खाली टिंब, तार म्हणजे वरच्या सप्तकाला वर टिंब. एवढ्या चार खुणांत त्यांची सगळी गाणी लिहून होतात. लिहिलेलं बरोबर आहे की नाही याची कसोटी सोपी: दुसऱ्या मुलाने ते वाचून गावं.

ऐकणाऱ्याचं काम

खरं तर हा भाग सर्वांत आधी वाचायला हवा. "छान" म्हणून पुढे गेलात तर मुलाला काही मिळत नाही. "इथे रे नको, ग घे" म्हणालात तर गाणं तुमचं होतं. मुलाने ऐकवलं की आधी, जमेल तशी, तुम्ही ती चाल गाऊन दाखवा. मग विचारा. तुला यातली कुठली जागा सर्वांत आवडते? ती एकदाच येते, की अजून यावी असं वाटतं? इथे थांबलास ते मुद्दाम, की श्वास संपला म्हणून? ऐकणाऱ्याला कुठे कळावं की गाणं संपलं? एका बैठकीत दोन प्रश्न पुरे. बदल करायचा की नाही हे मूल ठरवेल, आणि "नाही, असंच ठेवायचं" हे उत्तर तुम्ही मान्य करायचं.

तीन अडचणी हमखास येतात. पहिली: मुलाची चाल म्हणजे एखाद्या सिनेमाचं गाणं निघतं. रागावू नका, टिंगल तर मुळीच नको. कानावर पडलेलंच आधी बाहेर येणार. म्हणा, हे मला ओळखीचं वाटतं, आता याचा ताल बदल आणि शेवट दुसऱ्या स्वरावर कर. केरव्याचं दादऱ्यात नेलं की निम्मी चाल आपोआप वेगळी होते. दुसरी: "मला काहीच सुचत नाही." तेव्हा कमी करा. तीनच स्वर, सा रे ग, आणि चारच मात्रा. तरीही नाही? मग दोन पर्याय तुम्ही गा आणि विचारा, कुठला? निवड हीसुद्धा रचनाच आहे. तिसरी: मूल प्रत्येक वेळी नवीन काहीतरी वाजवतं आणि एकही पूर्ण करत नाही. अशा वेळी मागचं रेकॉर्डिंग लावून त्यातलीच एक ओळ निवडायला लावायची आणि त्या दिवशी नवीन काही घ्यायचं नाही.

सातवी पायरी: पट्ट्या त्याच, सा वेगळा

तीन-चार गाणी झाली की मुलाला ही गंमत दाखवा. मला स्वतःला ती अजूनही विलक्षण वाटते. पट्ट्या त्याच पाच काळ्या. फक्त तानपुरा सरकवायचा.

काळी एकला 'सा' म्हटलं की स्वर होतात सा रे म प ध, म्हणजे दुर्गा राग. काळी पाचला 'सा' म्हटलं की ग, ध आणि नि कोमल होतात, पंचम (प) जातो आणि समोर मालकंसाचे स्वर उभे राहतात. यात पंचम नाही, तेव्हा तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर 'प'ऐवजी 'म' लावून घ्या. काळी दोनवर धानीचे स्वर मिळतात: सा, कोमल ग, म, प, कोमल नि. काळी चारवर सा रे म प आणि कोमल नि, म्हणजे मेघाच्या कुळातले स्वर, जे पावसाच्या दिवसांत मुद्दाम घ्यावेत. स्वर तेच ठेवून 'सा' असा बदलण्याला जुन्या शास्त्रात मूर्च्छना म्हणतात. अर्थात नुसते स्वर म्हणजे राग नव्हे. रागाला त्याचं चलन, म्हणजे स्वरांतून चालण्याची रीत, असते, वादी-संवादी हे मुख्य स्वर असतात, आणि ते गुरूकडूनच शिकायचं. इथे आपण फक्त स्वरांचा रंग ऐकतो आहोत.

मुलाला सांगा, मागच्या महिन्यातलं तुझं गाणं आता काळी पाचच्या 'सा'वरून म्हणून बघ, जिथे 'सा' होता तिथे नवा 'सा', आणि बाकीचे त्याच क्रमाने. भूपातली मोकळी चाल एकदम गंभीर होते. मग विचारा, तुझ्या शब्दांना कुठली शोभते? यानंतर मुलं विषय निवडताना 'सा'सुद्धा विचार करून निवडायला लागतात.

संगणकावर करायचं असेल तर क्रोम म्युझिक लॅबमधला साँग मेकर फुकट आहे, चौकोनांत रंग भरत चाल करता येते आणि पाच स्वरांचा पर्यायही त्यात आहे. मी तो गळ्याने दोन-तीन गाणी करून झाल्यावर देते. आधी दिला की मुलं डोळ्यांनी नक्षी काढतात, कानांनी ऐकत नाहीत.

चौघा-पाचांनी मिळून

सोसायटीतली चार-पाच मुलं जमली तर कामं वाटून द्या. एकाने सा-प धरून ठेवायचा. दुसऱ्याने वाटीवर किंवा झांजेवर ठेका. तिसऱ्याने चार मात्रांची एकच छोटी सुरावट पुन्हा पुन्हा वाजवायची. चौथा मुख्य चाल गातो. पाचवा सगळ्यांना कधी सुरू करायचं, कधी थांबायचं हे हाताने सांगतो, आणि हे काम सर्वांत अवखळ मुलाला द्यावं. सगळे पाच काळ्या पट्ट्यांत असल्याने एकमेकांवर आदळत नाहीत. गाणं ज्याचं, शेवटचा शब्द त्याचा. पुढच्या वेळी दुसऱ्याचं गाणं.

मग ते लोकांसमोर म्हणायचं. सोसायटीच्या गणपतीत आरतीनंतर पाच मिनिटं मागून घ्या. मंडळाच्या कार्यक्रमात सिनेमाच्या गाण्यांवरचे नाच पुष्कळ असतात, एका मिनिटाच्या नव्या गाण्याला कोणी नाही म्हणत नाही. निवेदन करणाऱ्याला कागदावर लिहून द्या: गाण्याचं नाव, शब्द कोणाचे, चाल कोणाची. मुलाचं नाव माईकवरून पूर्ण वाचलं गेलं पाहिजे, लाडाचं नाव नको. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद होतो, तेव्हा मुलांचा क्रम आधी लावून घ्या, नाहीतर भाषणांत ते राहून जातं. आणि आदल्या दिवशी सराव करताना चाल "सुधारून" देण्याचा मोह आवरा. तालीम घ्या ती सुराची, श्वासाची आणि माईक किती दूर धरायचा त्याची.

क्लासातल्या गुरुजींना हे सगळं आधी सांगून ठेवा. बहुतेकांना आनंदच होतो. काहींना वाटतं की पाया पक्का होण्याआधी हे नको. त्यांचा मान ठेवून सांगा की क्लासात ते शिकवतील तेच चालेल आणि हे आठवड्यातून एकदा घरी होईल. मग कधीतरी मुलालाच त्याचं गाणं गुरुजींना ऐकवू द्या, वहीत लिहिलेल्या स्वरलिपीसह. कोमल-तीव्राच्या खुणा तपासून मागायला हे निमित्त चांगलं आहे, आणि गुरुजी ते गाऊन बघतात तेव्हा मुलाला समोर बसून स्वतःची चाल दुसऱ्याच्या गळ्यातून ऐकायला मिळते.